दाजी, चोविसावं नाव तुमचं

तीर्थस्वरूप दाजी,

मेहुण्याचा नमस्कार. एरवी ब्रश हातात धरून एका हाताने करतो तसा नव्हे. दोन्ही हात जोडून, मान खाली घालून केलेला, कारण या पत्रात पुढे काय येणार आहे ते मला माहीत आहे आणि तुम्हांला नाही. आम्ही इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो वाजतो असं ताई म्हणाली. वाजू द्या, वाजतोय तोवर चालतोय असं समजायचं. ताईचा खोकला गेला का? तुमचं ब्लडप्रेशर हल्ली किती असतं, हे मात्र रीत म्हणून विचारत नाहीये, मनापासून विचारतोय. आजची गोळी घेतली नसेल तर हे पत्र बाजूला ठेवा, आधी गोळी घ्या, वर अर्धा पेला पाणी प्या, खुर्चीत नीट टेकून बसा आणि मग पुढे वाचा. (उभ्याने वाचू नका. तुम्हांला सगळी पत्रं उभ्याने वाचायची सवय आहे, जणू प्रत्येक पत्र विजेचं बिलच आहे.)

गेल्या चार वर्षांत मी तुम्हांला एक ओळही लिहिली नाही हे खरं. त्याचं कारण तुम्हांला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तुमच्या पाट्यांच्या नव्या शोरूमच्या उद्‌घाटनाला जी दोनेकशे माणसं आली होती त्यांनाही ठाऊक आहे. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालात, की मेहुणे, ते ब्रश फेका आता आणि आमच्या अक्षरं कापायच्या मशीनचं बटण दाबायला या, महिन्याच्या महिन्याला पगार देतो. सगळे हसले. मी म्हणालो, बटण दाबण्यापेक्षा मी कचऱ्याच्या डब्यांवर नंबर घालीन. तेव्हाही सगळे हसले. (कळवण्यास आनंद होतो की गेल्या वर्षी मी एकशे चाळीस कचऱ्याच्या डब्यांवर नंबर घातले. सुबक आलेत. एकशे बारा नंबरचा डबा तर लोक थांबून बघतात.) तर ते सगळं मी विसरलोय. तुम्हीही विसरला असाल, कारण तुमचं मन मोठं आहे. हे शेवटचं वाक्य मी पत्रात अधूनमधून पुन्हा लिहिणार आहे, कंटाळू नका.

मुद्द्यावर येतो. (मी मुद्द्यावर येतो म्हटलं की आमची ही स्वयंपाकघरात निघून जाते, आणि परत येते तेव्हाही मी वाटेतच असतो.) तुमची भाची, म्हणजे आमची वकीलबाई, आता चौदा वर्षांची झाली. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती तुमच्या शोरूममध्ये ‘आत येण्यास मनाई’ या पाटीखाली उभी होती, आणि आत आल्याशिवाय ही पाटी वाचता येत नाही तर ती लावली कशाला, असा वाद तुमच्या मॅनेजरशी घालत होती. तेव्हापासून तिची प्रगतीच आहे. तिची आत्ताची शाळा आठवीला संपते. त्यापुढे काय, हा प्रश्न आम्ही दोघं एकमेकांना न विचारता वर्षभर टाळत होतो. अशात टेकडीवरच्या कॅथलिक हायस्कूलने एक दिवस बाहेरच्या मुलांना शाळा बघायला बोलावलं आणि ही बघून आली. रात्री जेवायच्या टेबलावर तिने अकरा मुद्दे मांडले. प्रयोगशाळेत प्रत्येकाला वेगळा बर्नर मिळतो, वाचनालय सहापर्यंत उघडं असतं, वादविवादाची टीम आहे आणि तिच्याकडे कप आहे, असे. अकरावा मुद्दा असा, की तिने तिथल्या विज्ञानाच्या सिस्टरना एक प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, मला माहीत नाही, उद्या बघून सांगते. आणि दुसऱ्या दिवशी खरंच निरोप पाठवून सांगितलं. आमच्या वकीलबाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘मला माहीत नाही’ म्हणालं होतं. मी तिच्या अकरा मुद्द्यांसमोर एकच मांडला, फीचा. ती गप्प बसली. दाजी, ती बोलते तेव्हा डोकं उठतं, पण ती गप्प बसली की घर खायला उठतं. आठ दिवस गप्प होती.

नवव्या दिवशी ती स्वतःच एक बातमी घेऊन आली. त्या शाळेत शिष्यवृत्त्या आहेत. पद्धत अशी, की एक देणगीदार आणि एक मूल. ज्याने देणगी दिली त्याच्या नावावर एक मूल चार वर्षं शिकतं, शाळा संपेपर्यंत. हे देणगीदार सगळे तुमच्यासारखे शोरूमवाले असतात असं समजू नका. एक निवृत्त नर्स आहेत. एक बेकरीवाल्या बाई आहेत, त्या स्वतःच अशाच कुणाच्या तरी नावावर तिथे शिकल्या आणि आता दरवर्षी एका मुलाचं बघतात. आपण हे मूल कधी बघितलेलं नाही, उद्या रस्त्यात भेटलं तरी ओळखणार नाही, आणि तरी त्याच्या चार वर्षांची काळजी आपली, हा प्रकार मला इतका आवडला की मी दोन दिवस सगळ्या गिऱ्हाइकांना तेच सांगत होतो. मग परीक्षा झाली. देणगीदार तेवीस होते. पास झालेल्यांत आमची वकीलबाई चोविसावी आली. ती पाचवी-सहावी आली असती, पण नवव्या प्रश्नाचं उत्तर न लिहिता तो प्रश्नच कसा चुकीचा आहे हे तिने दीड पान लिहिलं आणि वेळ संपली. (प्रश्न खरोखरच चुकीचा होता. शाळेने नंतर मान्य केलं आणि तिला त्याचे गुण दिले. त्या गुणांमुळेच तर ती एकतिसावीची चोविसावी झाली.) म्हणजे प्रतीक्षा यादीत पहिली. प्रतीक्षा यादीत पहिलं असणं म्हणजे काय, तर पावसात भिजत दाराबाहेर उभं राहायचं आणि सगळ्यात पुढे उभं राहायचं.

आता नशीब बघा. त्याच आठवड्यात त्या शाळेच्या ऑफिसमधल्या बाई माझ्या दुकानात हजर. शाळेच्या मोठ्या व्हरांड्यात देणगीदारांच्या नावांचा बोर्ड असतो. मागच्या वर्षी त्यांनी मशीनने कापलेली प्लास्टिकची अक्षरं चिकटवून घेतली होती (तुमच्या कंपनीची होती असं मी म्हणत नाही, कुणाची होती ते विचारायचं मी मुद्दाम टाळलं), आणि उन्हाळ्यात ती एकेक करून गळायला लागली. एका डेंटिस्टच्या नावातलं निम्मं नाव खाली पडलं आणि उरलेलं वाचून मुलं महिनाभर हसत होती. म्हणून मुख्याध्यापिका सिस्टरनी हुकूम काढला की यंदा लाकडी बोर्ड, हाताने रंगवलेला, आणि नावं सोन्याच्या वर्खात. तेवीस नावं, पंधरा दिवस. मी काम घेतलं. वकीलबाई माझी मुलगी आहे हे मी सांगितलं नाही. कामाच्या जिवावर पोरीचं काम करून घेतलं असं उद्या कुणी म्हणायला नको. मी गरीब असेन, पण तिरकस रेघ मारत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवू नका. हे मला नंतर त्रास देणार आहे.)

तो व्हरांडा तुम्ही बघायला हवा. लांबलचक, एका बाजूला खिडक्या, एका बाजूला वर्ग, टोकाला प्रार्थनेची खोली. सकाळी प्रार्थनेच्या खोलीतून गाणं येतं आणि मग लगेच चारशे मुलांचे बूट एकदम वाजतात. मी शिडीवर, खाली रंगाचे डबे, आणि डब्यांशेजारी एका छोट्या खुर्चीवर धाकट्या सिस्टर. त्यांना धाकट्या म्हणतात कारण त्या उंचीने माझ्या शिडीच्या चौथ्या पायरीएवढ्या आहेत, वयाने शहाऐंशी. चाळीस वर्षं तिथे चित्रकला शिकवली. आता निवृत्त, पण निवृत्त झालात असं त्यांना कुणी सांगायला गेलं की त्या कानाचं यंत्र काढून ठेवतात. रोज येऊन बसायच्या आणि माझ्या प्रत्येक अक्षराला पास-नापास करायच्या. मला तीनदा नापास केलं. तिन्ही वेळा बरोबर केलं. दाजी, वीस वर्षांत माझ्या अक्षराकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

आता त्या घटनेकडे येतो. तेवीस नावं म्हणजे बोर्डवर दोन रांगा, डावीकडे बारा, उजवीकडे अकरा. तुम्ही म्हणाल, मग? तुमचं मशीन असं ‘मग’ म्हणून पुढे जातं. मला ते जमत नाही. उजवीकडे खाली ती रिकामी जागा, सबंध बोर्ड डावीकडे कलल्यासारखा दिसायला लागला. मला जेवण जाईना. तोल नीट येतोय का बघायला तिथे काहीतरी तात्पुरतं लिहून बघावं म्हटलं, आणि हात आपोआप चालला तो तुमच्या नावावर. तुम्हांला कधी सांगितलं नाही, पण नवा ब्रश आणला की मी पहिल्यांदा तुमचं नाव लिहून बघतो. तुमच्या त्या पहिल्या एका खोलीच्या दुकानाची पाटी मीच रंगवली होती ना, तेव्हापासून. तुमच्या नावात सगळी अवघड वळणं आहेत, लांब शेपट्या आहेत, मधे एक गाठ आहे. ब्रश चांगला की वाईट ते लगेच कळतं. माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर तुमचं नाव साठ-सत्तर वेळा लिहिलेलं आहे. नवीन माणसाला वाटतं तुम्ही वारलात. तर ते नाव मी तिथे लिहिलं. खडूने लिहायला हवं होतं. पण खडूने तोल कळत नाही, म्हणून वर्ख धरणाऱ्या चिकट वार्निशने लिहिलं, की बघायचं आणि ओलं आहे तोवर फडक्याने पुसून टाकायचं. आणि मी चहाला खाली गेलो.

चहाला वीस मिनिटं लागली. (बिस्किटंही होती.) परत आलो तर धाकट्या सिस्टर माझ्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभ्या, हातात वर्खाची पुडी, मऊ ब्रश, आणि तुमचं नाव वरच्या शेपटीपासून खालच्या गाठीपर्यंत सोन्यात झगझगतंय. मला वाटलं मदत करावी, असं म्हणाल्या. शहाऐंशी वर्षांच्या बाईने शिडीवर चढून मदत केली. दाजी, खोटं बोलत नाही, त्या बोर्डवरचं सगळ्यात सुंदर नाव तुमचं आहे. बाकीच्या तेवीस नावांवर वर्ख मी लावला. तुमच्यावर त्यांनी लावला. त्यांचा हात थरथरत नाही.

तुम्ही विचाराल की मग पुसलं का नाही. बसलेला वर्ख पुसला जात नाही, खरवडावा लागतो. आणि खरवडला की सोनं जातं, नाव जात नाही. लाकडावर त्याची सावली उरते. त्या व्हरांड्यातून रोज चारशे मुलं जाणार, आणि वाचणार की इथे अमुक अमुक गृहस्थांचं नाव होतं, आता नाही. का नाही, याचा अंदाज मुलं भयंकर बांधतात. मी तुमच्या अब्रूचा विचार केला. दुसऱ्याच दिवशी समारंभ होता, बोर्डवर पडदा टाकून झाला होता, आणि तो पडदा मोठ्या सिस्टरशिवाय, म्हणजे मुख्याध्यापिकांशिवाय, कुणी उचलायचा नाही अशी तिथली रीत आहे. मी मनाशी ठरवलं की पडदा उघडला की त्यांना एका बाजूला बोलावून खरं सांगून टाकायचं. सगळी वाक्यं पाठ केली होती.

आणि त्यांच्या समारंभाची पद्धत काय, ते मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं भाषणं होतील, चहा होईल, लोक घरी जातील. ही आणि वकीलबाई माझं काम बघायला आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या होत्या. मोठ्या सिस्टरनी पडदा ओढला. टाळ्या झाल्या (त्यातल्या काही माझ्या अक्षरासाठी होत्या, टाळ्यांतला फरक मला कळतो). मग त्या बोर्डवरचं एकेक नाव मोठ्याने वाचायला लागल्या, आणि प्रत्येक नावानंतर हातातल्या कागदावरून एका मुलाचं नाव पुकारायच्या. ते मूल उठून पुढे जायचं आणि बोर्डापाशी उभं राहायचं. नर्सबाईंच्या नावाला एक बसड्रायव्हरची मुलगी गेली. बेकरीवाल्या बाईंच्या नावाला एक मुलगा गेला, त्याचा कोट इतका मोठा होता की हात दिसत नव्हते, आणि बेकरीवाल्या बाई रुमाल शोधायला लागल्या. नाव, मूल, नाव, मूल. मी भिंतीला टेकवलेली माझी शिडी घट्ट धरली. बावीस. तेवीस. आणि मग त्यांनी तुमचं नाव वाचलं. खणखणीत वाचलं, एक गाठ सुद्धा चुकवली नाही. मग कागदाकडे पाहिलं. मग बोर्डाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला. देणगीदाराचं नाव वाचायचं आणि त्याच्याखाली मूल उभं करायचं नाही, हे त्या शाळेत कधी झालेलं नाही. त्यांनी कागदावरची शेवटची ओळ पाहिली, प्रतीक्षा यादीची, आणि आमच्या वकीलबाईचं नाव पुकारलं.

ती उठलीच नाही. म्हणजे उठली, पण आधी मागे वळून बघितलं की आपल्या नावाची दुसरी कुणी बसलीय का. मग हिच्याकडे बघितलं. मग चालत गेली. हिच्या चपला घालून आली होती, एक पायातून निघाली, ती तिथेच टाकून एका चपलेनिशी गेली आणि तुमच्या नावाखाली उभी राहिली. दाजी, आयुष्यात पहिल्यांदा ती आनंदाने गप्प होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी शिडीला धरून रडत होतो. पाठ केलेली वाक्यं कुठे गेली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण त्यात माझी चूक थोडी जास्त आहे. चहाच्या वेळी फंड सांभाळणारे फादर माझ्याकडे आले. हे चोविसावे गृहस्थ कोण, आपण ओळखता का, असं त्यांनी विचारलं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की फादर, एक गफलत झालीय. मी म्हणालो, माझे दाजी. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ते इतक्या आदराने ऐकत होते की मला सुचतच गेलं. मी म्हणालो, फार मोठं मन आहे. (बघा.) म्हणालो, गुपचूप देतात, उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू देत नाहीत. हे ऐकून फादर फार हेलावले. म्हणालो, कुणाचे आभार स्वीकारत नाहीत, आभार मानले तर रडतात. दाजी, हे मी का म्हणालो ते मला विचारू नका. आता शाळेत असा समज आहे की तुम्ही हळवे आहात आणि तुमच्याशी हळू आवाजात बोलायचं असतं. पुढच्या महिन्यात देणगीदारांचं जेवण आहे, त्यात तुमच्यासाठी मुलांचं गाणं बसवतायत. तुम्हांला बोलायला लावणार नाहीत, कारण तुम्हांला भरून येतं असं मी सांगितलंय.

आणखी एक गोष्ट, आनंदाची. तुमच्याच शहरातले ते दिव्यांच्या पाट्यावाले, ज्यांचं नाव काढलं की तुम्ही पानावरून उठता, ते देणगीदारांत सातवे आहेत आणि समारंभाला हजर होते. तुमच्या नावासमोर ते पाच मिनिटं उभे राहिले. मग मला विचारलं, हे कधीपासून? मी म्हणालो, आधीपासूनच आहेत, बोलत नाहीत इतकंच. त्यांनी चहा अर्धा टाकला. मला वाटलं हे तुम्हांला कळवावं.

आता एकच किरकोळ अडचण आहे. बाकीच्या तेवीस देणगीदारांचे सही केलेले फॉर्म फाइलमध्ये आहेत, तुमचा नाही. तो कधी नव्हताच, हे मला आणि तुम्हांला माहीत आहे. पण ऑफिसमधल्या बाईंना वाटतंय की त्यांच्याच हातून हरवला. तीन दिवस त्या शोधतायत. सगळी कपाटं भिंतीपासून ओढून झाली, चौदा वर्षांपूर्वीचा एक हरवलेला छत्रीचा दांडा सापडला, फॉर्म नाही. काल मी गेलो तर त्या जमिनीवर बसून डोळे पुसत होत्या, आणि मी, दाजी, मी त्यांना कपाट ढकलायला मदत केली. त्या वेळी मला स्वतःची जी लाज वाटली ती मी इथे लिहू शकत नाही. फादरनी मला दुसरा कोरा फॉर्म दिलाय, तुमची पुन्हा सही आणायला. शाळा सुरू व्हायच्या आत, म्हणजे पंधरा तारखेपर्यंत, तो फाइलमध्ये लागला नाही तर नियमाप्रमाणे ती जागा रद्द.

मी तुमच्याकडे काही मागत नाही. मी फक्त घडलेलं कळवतोय. चार वर्षं ही काही फार नसतात, आपणही चार वर्षं बोललो नाही, कशी भुर्रकन गेली. आणि तुम्ही मला फुकट काही द्यावं असंही नाही. शनिवार-रविवारी मी तुमच्या शोरूममध्ये येईन. बटण दाखवा, दाबीन. हसायचं असेल तर दोनशे माणसं पुन्हा बोलवा, मी त्यांच्यासमोर दाबून दाखवीन. ब्रश मात्र फेकणार नाही, तो बाजूला ठेवून येईन. ताईला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला शुभेच्छा, आणि आतापर्यंत खुर्चीतून उठला असाल तर परत बसा, ताजा कलम खाली आहेत.

तुमचा मेहुणा,
(जो तुमचं नाव तुमच्यापेक्षा चांगलं लिहितो)

ता. क. — फॉर्म सोबत जोडला आहे. सही निळ्या शाईने, खाली उजवीकडे, जिथे मी पेन्सिलने बारीक फुली केली आहे. हे पत्र आपल्या दोघांतच राहू द्या, ताईलाही बोलू नका. (तिला मी परवाच फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही तिच्यापासून लपवता का, हे ती बघणार आहे.)

दुसरा ता. क. — पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. वर एका ठिकाणी मी खोटं लिहिलंय आणि ते घेऊन पोस्टात जायला पाय होईना. उजवीकडची ती जागा रिकामी ठेवायचीच नव्हती. यादीच्या खाली स्पष्ट लिहिलं होतं, उरलेल्या जागी एक फूल काढावे. फूल मला येतं. दहा मिनिटांचं काम. मी फुलाच्या जागी तुमचं नाव लिहिलं, आणि तोल बघायला लिहिलं नाही. आणि मी चहाला गेलो नव्हतो. धाकट्या सिस्टरनी शिडीखालून विचारलं, हे नाव यादीत आहे का? मी हो म्हणालो. मग त्यांनी वर्खाची पुडी मागितली. यादी कुणाच्या अक्षरात होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती त्यांनीच लिहिली होती, तेवीस नावं आणि ते फूलही. म्हणजे त्यांना माहीत होतं, दाजी. आणि तरी त्या शिडी चढल्या. आता मी तरी काय करणार, आणि तुम्ही तरी काय करणार.

तिसरा आणि शेवटचा ता. क. — वकीलबाईला यातलं काहीही ठाऊक नाही. तिला वाटतं, आतोबांनी दिलं. नवीन मुलांनी आपल्या देणगीदाराला पत्र लिहायचं असतं, तसं तिनेही लिहिलंय. सात पानं आहेत, चिकटवून दिलीत, मला वाचू दिली नाहीत. ते पाकीटही यात घातलंय, कारण न घालायला मला काही कारण सांगता आलं नाही. तुमचं उत्तर हो असेल तर ते फोडा. नाही असेल तर फोडू नका, आहे तसंच परत पाठवा. पत्ता चुकला, असं मी तिला सांगेन.